लोकगृहातील चर्चा आणि राष्ट्राचे धोरण



परराष्ट्रधोरण हा राजधानीत बसलेल्या मूठभर जाणकारांचा प्रांत आहे, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. तालुक्यातील कार्यकर्त्याने रस्ता, पाणी, शाळा आणि मतदारयादी पाहावी. राष्ट्राने कोणाशी मैत्री करावी, कोणापासून सावध राहावे, कोणते शस्त्र बाळगावे, हे मंत्री, राजदूत आणि सेनापती यांनी ठरवावे. बहुतेक राजकीय पक्षांत हा समज केवळ समज उरलेला नाही, तो आचार झाला आहे. अधिवेशनात परराष्ट्रविषयक ठराव वाचला जातो, टाळ्या होतात, तो एकमताने संमत होतो आणि पाठोपाठ भोजनाची सूचना दिली जाते. ठरावात काय होते, हे सभागृहाबाहेर पडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सांगता येत नाही.

या पार्श्वभूमीवर उत्तर युरोपातील एका देशाकडे पाहणे उद्बोधक ठरते. तो देश म्हणजे स्वीडन. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट; लोकसंख्या मात्र एक कोटी पाच लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबई शहराहूनही कमी. या देशात सोशल डेमोक्रॅटिक पक्ष १८८९ साली स्थापन झाला आणि १९३२ ते १९७६ या चव्वेचाळीस वर्षांत, काही महिन्यांचा अपवाद सोडला, तर पंतप्रधानपद सतत त्याच्याकडे राहिले. त्या पक्षाची विचारसरणी आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांना मान्य होणार नाही. तिची चर्चा हा आजचा विषयही नाही. विषय असा आहे, की आपल्या राष्ट्राचे जगातील स्थान कोणते, या प्रश्नावर त्या पक्षाच्या गावोगावच्या सभासदांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, तो कसा घातला आणि त्यातून काय निष्पन्न झाले.

प्रथम त्या पक्षाची रचना ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक नगरपालिका क्षेत्रात पक्षाचे एक स्थानिक मंडळ असते. त्याचे स्वीडिश नाव ‘आर्बेतारेकोम्युन’, म्हणजे कामगारांचा समुदाय. त्याखाली मोहल्ल्यामोहल्ल्यातील छोट्या संस्था, वर जिल्हा संघटना आणि सर्वांत वर प्रतिनिधींचे महाधिवेशन. या मंडळाच्या सभा ज्या वास्तूत भरत, तिला ‘फोल्केत्स हूस’ म्हणतात. शब्दशः भाषांतर लोकगृह. जुन्या काळी कामगारांना सभेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून, अनेक ठिकाणी स्वतःच्या हातांनी विटा रचून ही लोकगृहे उभी केली. १९१२ साली कामगार शिक्षण संघ निघाला आणि त्याने अभ्यासमंडळाची पद्धत गावोगाव नेली. आठ-दहा माणसे एकत्र येतात, एक पुस्तिका वाचतात, आठवड्याने पुन्हा भेटतात आणि वाचलेल्यावर वाद घालतात. शिक्षक नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. लोहखाणीतला मजूर आणि शाळेतली शिक्षिका एकाच टेबलाशी बसून संरक्षणखर्चावर बोलू शकले, ते या सवयीमुळे. ज्यांना संघटनेचे काम ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आता प्रश्नाचा इतिहास. १८०९ साली रशियाने स्वीडनकडून फिनलंड हिरावून घेतला. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. १८१४ साली नॉर्वेशी एक छोटे युद्ध झाले आणि त्यानंतर स्वीडन कोणत्याही युद्धात उतरले नाही. दोन शतके शांतता. ही शांतता पुढे त्या राष्ट्राच्या स्वभावाचा भाग मानली गेली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने तिला तत्त्वाचे रूप दिले. शांततेच्या काळात कोणत्याही लष्करी गटात जायचे नाही, म्हणजे युद्धाच्या काळात तटस्थ राहता येईल, असे ते सूत्र होते.

भारताची अलिप्तता आणि स्वीडनची अलिप्तता यांची गल्लत अनेकदा केली जाते. स्वीडन अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीचे सदस्य कधीच नव्हते. शिवाय एक मोठा फरक होता. स्वीडनची तटस्थता शस्त्रसज्ज होती. सक्तीची लष्करी सेवा, डोंगरांच्या पोटात खोदलेले विमानतळ व नौदलाचे तळ, स्वदेशी बनावटीची लढाऊ विमाने हा सर्व सरंजाम त्या चिमुकल्या राष्ट्राने उभा केला. पन्नासच्या दशकात त्याचे हवाई दल जगातील बलाढ्य हवाई दलांत गणले जाई. १९८१ च्या ऑक्टोबरात कार्ल्सक्रूना या नौदल तळाजवळ एक सोव्हिएत पाणबुडी खडकावर अडकली, तेव्हा स्वीडनने तिला वेढा घातला, तिच्या कप्तानाची चौकशी केली आणि दहा दिवसांनीच ती सोडली. तटस्थ राष्ट्राचा शब्द महासत्तेने मानला, कारण त्या शब्दामागे तोफा होत्या. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारताच्या अलिप्ततेमागे पुरेसे काय नव्हते, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

अर्थात स्वीडिश तटस्थतेचा इतिहास निष्कलंक आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दुसऱ्या महायुद्धात पेर अल्बिन हान्सोन यांच्या सर्वपक्षीय सरकारने हिटलरला लोहखनिज विकले. जुलै १९४० ते ऑगस्ट १९४३ या काळात नॉर्वेत तैनात असलेले जर्मन सैनिक स्वीडनच्या आगगाड्यांतून रजेवर जात-येत होते. जून १९४१ मध्ये तर पूर्ण शस्त्रसज्ज अशी एक जर्मन डिव्हिजन नॉर्वेतून फिनलंडकडे जाऊ दिली गेली. नॉर्वेतील पक्षबंधू तुरुंगात सडत असताना हे घडत होते. त्याच स्वीडनने १९४३ च्या शरद ऋतूत डेन्मार्कमधील सात हजारांहून अधिक ज्यूंना आश्रय दिला, हेही तितकेच खरे. लहान राष्ट्राला जगायचे असते, तेव्हा त्याच्या हातून दोन्ही प्रकारची कृत्ये होतात.

युद्धानंतर खरा पेच आला तो अणुबॉम्बचा. आज अनेकांना ठाऊक नसते, की पन्नासच्या दशकात स्वीडन अणुबॉम्ब बनवण्याच्या मार्गावर होते. शास्त्रज्ञ होते, स्वदेशात युरेनियम होते, अणुभट्ट्यांच्या योजना होत्या. १९५४ साली सरसेनापती निल्स स्वेडलुंड यांनी स्वीडनला अण्वस्त्रे हवीत, अशी उघड मागणी केली. पंतप्रधान टागे एर्लान्डर यांचे मनही आरंभी त्या बाजूला झुकलेले होते. परराष्ट्रमंत्री उस्तेन उन्देन यांचा कट्टर विरोध होता. मंत्रिमंडळ दुभंगले, संसदीय पक्ष दुभंगला. सामान्यतः अशा वेळी चार ज्येष्ठ नेते बंद दाराआड बसतात आणि तोडगा निघतो.

येथे तसे झाले नाही. १९५६ साली पक्षाच्या महिला संघटनेने, इंगा थोरसन यांच्या नेतृत्वाखाली, स्वीडनने अण्वस्त्रे घेऊ नयेत अशी भूमिका जाहीर केली. पक्षनेतृत्वाला विचारून नव्हे, नेतृत्वाच्या आधी. एर्लान्डर अतिशय नाराज झाले. पक्षातील पुरुष मंडळींपैकी कित्येकांना, संरक्षणासारख्या विषयात बायकांनी पडावे, हेच रुचले नव्हते. पण महिला संघटनेच्या शाखा छोट्या गावांतही होत्या. त्यांच्या सभांत स्फोटाच्या किरणोत्सर्गाविषयीच्या पुस्तिका वाचल्या जात. हा विरोध पसरत गेला. १९५८ च्या अखेरीस एर्लान्डर यांनी पक्षांतर्गत अभ्यासगट नेमला. त्याचे सचिवपद ओलोफ पामे या तरुण सहायकाकडे होते. गटाने १९५९ च्या अखेरीस अहवाल दिला. त्याचे सार असे, की आत्ता बॉम्ब बनवण्याचा निर्णय घेऊ नये, संशोधनाचा मार्ग मात्र मोकळा ठेवावा. १९६० च्या महाधिवेशनाने हे स्वीकारले. निर्णय पुढे ढकलण्याचा हा निर्णय होता आणि त्यातच पक्ष फुटण्यापासून वाचला. पुढे ढकलता ढकलता जनमत इतके बदलले, की १९६८ साली स्वीडनने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर स्वाक्षरी केली आणि १९७२ पर्यंत उरलेसुरले प्रयोगही गुंडाळले गेले.

या कथेचा एक धागा दिल्लीपर्यंत येतो. पुढे निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींत स्वीडनचा आवाज ठरलेल्या आल्वा मिर्दाल १९५५ ते १९६१ या काळात भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. त्यांचे पती गुन्नार मिर्दाल यांचे आशियाई दारिद्र्यावरील तीन खंडांचे काम अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. आल्वाबाईंना १९८२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कोणी विचारील, स्वीडनच्या कार्यकर्त्या भगिनींनी बॉम्ब नाकारला आणि भारताने १९७४ व १९९८ साली पोखरणला स्फोट केले, तर मग यात अनुकरणीय काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १९९४ साली स्टॉकहोममध्येच मिळाले. तेथील सरकारने नेमलेल्या एका आयोगाने शीतयुद्धाच्या काळातील कागदपत्रे तपासली आणि आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून हे दिसून आले, की १९४९ पासून पुढची वीस वर्षे, म्हणजे तटस्थतेचा जयघोष चालू असतानाच, युद्ध झाल्यास पाश्चात्त्य राष्ट्रांकडून लष्करी साहाय्य घेण्याची गुप्त तयारी स्वीडनच्या सरकारने करून ठेवली होती. मोजक्या मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना हे माहीत होते. लोकगृहांत बसून तटस्थतेवर तासन्‌तास बोलणाऱ्या सभासदांना याचा गंधही नव्हता. स्वीडनला स्वतःचा बॉम्ब नाकारणे परवडले, कारण संकट आलेच तर दुसऱ्याच्या छत्राची सावली मिळेल असा भरवसा त्याच्या राज्यकर्त्यांच्या मनात होता. भारताला असे छत्र ना वॉशिंग्टनने दिले होते, ना मॉस्कोने. चीनने १९६४ साली अणुस्फोट केला, तेव्हा भारताच्या पाठीशी कोणी नव्हते. एका राष्ट्राचा निर्णय दुसऱ्याच्या मापाने जोखता येत नाही तो यासाठी.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कार्यकर्त्यांनी चर्चा केली ती अर्ध्या माहितीवर. ज्यांच्यापासून वस्तुस्थिती लपवली जाते, त्यांची चर्चा कितीही प्रामाणिक असली, तरी ती लटकीच ठरते. हा दोष लोकगृहाचा नव्हे, राजधानीचा आहे.

ओलोफ पामे यांचे नाव भारतात दोन कारणांनी ठाऊक आहे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ते निर्भीडपणे बोलले. फेब्रुवारी १९६८ मध्ये, मंत्रिपदावर असताना, उत्तर व्हिएतनामच्या राजदूतांच्या शेजारून ते मोर्चात चालले. १९७२ च्या नाताळापूर्वी हनोईवर झालेल्या बॉम्बवर्षावाचा त्यांनी इतक्या कठोर शब्दांत निषेध केला, की अमेरिकेने बरेच महिने स्टॉकहोमला राजदूतच पाठवला नाही. छोट्या राष्ट्राने जगाच्या विवेकाचा आवाज व्हावे, ही कल्पना त्या पक्षाच्या सभासदांना फार प्रिय झाली. मंडळामंडळांतून आफ्रिकेतील वंशभेदाविरुद्ध ठराव होऊ लागले, वर्गण्या जमू लागल्या.

दुसरे कारण बोफोर्स. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९४ साली घेतलेला हा कारखाना कार्ल्सकुगा या गावात होता. गावाची चूल त्याच्यावर पेटे. त्या गावचे कामगार सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे निष्ठावंत मतदार. संध्याकाळी लोकगृहात निःशस्त्रीकरणाच्या ठरावाला हात वर करायचा आणि सकाळी तोफेची नळी घडवायला कारखान्यात जायचे, अशी ही जीवनरीत. हसण्यासारखे यात काही नाही. पोट आणि तत्त्व यांची ही ओढाताण कोणत्याही गावात सापडते. मार्च १९८६ मध्ये भारताने त्या कारखान्याशी ४१० तोफांचा करार केला. पामे यांची हत्या त्यापूर्वी जेमतेम महिनाभर, २८ फेब्रुवारीला झाली होती. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश आकाशवाणीने दलालीचे वृत्त दिले आणि भारताचे राजकारण ढवळून निघाले. त्या व्यवहाराची घाण सर्वश्रुत आहे. पण १९९९ च्या उन्हाळ्यात द्रास आणि तोलोलिंगच्या कड्यांवर ज्या तोफांनी शत्रूला हुसकावले, त्या कार्ल्सकुगाच्या होत्या, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

शीतयुद्ध संपले. ऑक्टोबर १९९० मध्ये पंतप्रधान इंगवार कार्लसन यांच्या सरकारने आर्थिक उपाययोजनांच्या एका निवेदनात, जणू जाता जाता, युरोपीय समुदायाचे सदस्यत्व घेण्याचा मनोदय जाहीर केला. पक्षात त्याआधी या विषयावर धड चर्चा झालेली नव्हती. सभासद चकित झाले, मग संतापले. मात्र यानंतर चार वर्षे त्या पक्षाने जे केले, त्याला तोड नाही. सदस्यत्वाच्या बाजूने आणि विरोधात, अशा दोन्ही मतांच्या कार्यकर्त्यांना प्रचाराची मुभा दिली गेली. एकाच घरात नवरा एका बाजूचे आणि बायको दुसऱ्या बाजूचे पत्रक वाटते आहे, असे दृश्य अशक्य राहिले नाही. नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.३ टक्के लोकांनी होकार दिला. पक्ष फुटला नाही. २००३ साली युरो चलनाच्या प्रश्नावर पुन्हा असेच झाले. त्या वेळी सुमारे ५६ टक्के लोकांनी नकार दिला आणि नेतृत्वाला तो मानावा लागला.

स्वीडनमधील सार्वमतांचा इतिहास मोठा गमतीचाही आहे. १९५५ साली रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवावीत की उजव्या, यावर मत घेतले गेले. ८३ टक्के लोक म्हणाले, डावीच बरी. सरकारने बारा वर्षे वाट पाहिली आणि १९६७ साली एका पहाटे सर्व देश उजवीकडे वळवला. लोकमताचा आदर करण्याचीही प्रत्येक देशाची आपली एक रीत असते.

आता या कथेच्या अलीकडच्या पर्वाकडे यावे लागते, आणि खरी कसोटी तेथेच लागली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पक्षाचे महाधिवेशन गोथेनबर्ग येथे भरले. मॅग्डालेना अँडरसन यांची पक्षाध्यक्षपदी निवड झाली आणि महिनाअखेरीस त्या स्वीडनच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. स्वीडन नाटो या लष्करी गटात जाणार नाही, ही भूमिका त्याच अधिवेशनाने पुन्हा एकदा पक्की केली. संरक्षणमंत्री पीटर हुल्टक्विस्ट यांनी तर आपण मंत्री असेपर्यंत अशा प्रक्रियेत सहभागी होणार नाही, अशी ग्वाही दिली. प्रतिनिधी आपापल्या गावी परतले आणि त्यांनी मंडळांच्या सभांत हेच सांगितले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ८ मार्चला अँडरसन म्हणाल्या, की या वेळी अर्ज करणे म्हणजे या प्रदेशातील अस्थिरता वाढवणे होय. ११ एप्रिलला पक्षाने सुरक्षाधोरणावर सभासदांशी संवाद सुरू केल्याचे जाहीर केले. १५ मे रोजी पक्षाच्या कार्यकारी समितीने नाटोचे सदस्यत्व मागण्यास अनुकूलता दर्शवली. १८ मे रोजी स्वीडन आणि फिनलंड यांचे अर्ज ब्रुसेल्समध्ये एकत्र सादर झाले. दोनशे वर्षांची परंपरा, आणि तिच्यावरील संवादाला पाच आठवडे.

या पाच आठवड्यांत मंडळांच्या सभांतून आणि दूरस्थ बैठकांतून जे मुद्दे मांडले गेले, ते दोन्ही बाजूंनी वजनदार होते. विरोधकांत जुने पामेवादी होते. माजी मंत्री आणि राजदूत पिएर शोरी हे त्यांपैकी एक. त्यांचे म्हणणे असे, की अण्वस्त्रांच्या छत्राखाली गेलेले राष्ट्र जगात निःशस्त्रीकरणाविषयी कोणत्या तोंडाने बोलणार? अर्ज मान्य होण्यासाठी सर्व सदस्यराष्ट्रांची संमती लागते; म्हणजे तुर्कस्तानच्या मर्जीवर राहावे लागेल आणि स्वीडनमध्ये आश्रयाला आलेल्या कुर्दांना त्याची किंमत मोजावी लागेल. महिला संघटना विरोधात उभी राहिली, तिच्या अध्यक्षा अनिका स्ट्रांडहेल या त्या वेळी मंत्रिमंडळात होत्या तरी. युवक संघटनाही विरोधात होती. १९५६ सालच्या भगिनींच्या नातींनी आजीचा वारसा सोडला नाही.

समर्थकांचा युक्तिवाद भूगोलाचा होता. बाल्टिक समुद्राच्या मध्यभागी गॉटलंड हे बेट आहे. शीतयुद्ध संपले, शांतता आली, असे समजून २००५ साली तेथील रेजिमेंट बरखास्त केली गेली. २०१० साली सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली. एकेकाळी जो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक रक्कम संरक्षणावर खर्ची घाली, तो एक टक्क्याच्या आसपास आला. क्रिमिया गेल्यावर जाग आली. लष्करी सेवा २०१७ साली पुन्हा लागू झाली आणि गॉटलंडची रेजिमेंट २०१८ साली पुन्हा उभी राहिली. तोपर्यंत शस्त्रसज्ज तटस्थतेतले शस्त्र गळून गेले होते आणि तटस्थतेचे नाव तेवढे उरले होते. त्यातही युरोपीय संघाचे सदस्यत्व, अफगाणिस्तानातील सैन्यतुकडी, नाटोच्या फौजांना यजमानपद देणारा २०१६ सालचा करार हे सर्व आधीच होऊन गेलेले. शेवटी फिनलंडने निर्णय घेतला. ज्याची रशियाशी १३०० किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा आहे, असा शेजारी नाटोत निघाल्यावर एकट्याने बाहेर राहण्यात कोणते शहाणपण, हा प्रश्न निरुत्तर करणारा होता.

चर्चा खरी झाली की दाखवण्यापुरती? दोन्ही बाजूंनी पुरावा देता येतो. महाधिवेशन पुन्हा बोलावले गेले नाही. सार्वमताची मागणी अँडरसन यांनी फेटाळली. शत्रूला हस्तक्षेपाची संधी मिळेल आणि गोपनीय माहिती उघड चर्चेत आणता येणार नाही, असे कारण दिले गेले. संवाद चालू असतानाच फिनलंडशी समन्वय चालू होता. निर्णय आधी झाला आणि विचारपूस नंतर, अशी तक्रार अनेक सभासदांनी केली आणि ती निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे हेही दिसते, की कार्यकारी समितीने होकार देताना एक अट ठरावात घातली. स्वीडनच्या भूमीवर अण्वस्त्रे आणि परकीय कायमस्वरूपी तळ नकोत, असे स्वीडनने एकतर्फी जाहीर करावे, यासाठी पक्ष प्रयत्न करील. ही अट सेनापतींकडून आलेली नव्हती. ती महिला संघटनेकडून आणि मंडळांच्या सभांतून वर गेलेली होती. विरोध हरला, पण ठरावावर आपली खूण ठेवून गेला.

युद्ध दारात आलेले असताना चार वर्षे वाद घालीत बसणे कोणत्याही राष्ट्राला शक्य नाही, हे मान्यच करावे लागते. परंतु अशा प्रसंगी उपयोगी पडते ते त्यापूर्वीच्या शांततेच्या वर्षांत केलेले चिंतन. २०१४ ते २०२१ ही सात वर्षे त्यासाठी मिळाली होती. त्या वर्षांत नेतृत्वाने सभासदांसमोर बदललेली वस्तुस्थिती ठेवली नाही. प्रत्येक अधिवेशनात जुनाच ठराव वाचून दाखवला. सवयीने हात वर होत गेले. गोथेनबर्गची ग्वाही आणि ब्रुसेल्सचा अर्ज यांत सहा महिन्यांचे अंतर पडले, याचा दोष एकट्या पुतिन यांच्या माथी मारता येणार नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. तुर्कस्तानने अपेक्षेप्रमाणे अडवणूक केली. जून २०२२ मध्ये न्यायमंत्र्यांवरील अविश्वासाच्या ठरावात सरकार टिकले, ते आमिने काकाबावे या कुर्दवंशीय अपक्ष सदस्या मतदानात तटस्थ राहिल्यामुळे. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस माद्रिद येथे तुर्कस्तानला हवी ती आश्वासने लेखी द्यावी लागली. सप्टेंबरच्या निवडणुकीनंतर पक्षाची सत्ता गेली, पण धोरण राहिले. मार्च २०२३ मध्ये स्वीडिश संसदेने सदस्यत्वाला २६९ विरुद्ध ३७ मतांनी मान्यता दिली. फिनलंड त्या एप्रिलमध्येच आत गेला. स्वीडनला मात्र तुर्कस्तान आणि हंगेरी यांच्या दाराशी वर्षभर तिष्ठावे लागले. ७ मार्च २०२४ रोजी ते नाटोचे बत्तिसावे सदस्य झाले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १८ जून २०२४ रोजी, अमेरिकेशी संरक्षण सहकार्याचा करार संसदेपुढे आला. स्वीडनमधील सतरा लष्करी ठिकाणे अमेरिकी सैन्याला वापरता येतील, अशी त्यात तरतूद आहे. अण्वस्त्रे आणू नयेत, असे स्पष्ट कलम त्यात नाही. नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी आपापल्या भूमीविषयी शांततेच्या काळासाठी अशी मर्यादा घालून घेतलेली आहे, याकडे विरोधकांनी लक्ष वेधले. करार २६६ विरुद्ध ३७ मतांनी संमत झाला. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने बाजूने मत दिले. मे २०२२ मध्ये मंडळांतून वर गेलेली ती अट कोठे गेली, हा प्रश्न घेऊन त्या पक्षाचे सभासद आजही लोकगृहांच्या सभांना येतात.